शहागंजातली माझी दोन वर्षं

"ही आमची पाणी देणारी बाई आहे, साहेब."

डिप्लोमा कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे चेअरमन माझ्याकडं न बघताच बोलले. तपासणीला आलेले दोन साहेब वर्कशॉपच्या मधोमध उभे होते. त्यांच्यापुढं टेबलावर विजेच्या सहा मोटारी मांडलेल्या. त्या सहाही मोटारी मी भरल्या होत्या. पंधरा दिवस, त्याच खोलीत, दार लावून. एका साहेबानं माझ्या काळ्या पडलेल्या बोटांकडं बघून "या कोण?" असं विचारलं, त्याला मिळालेलं हे उत्तर.

आणि मी काय केलं? पाणी दिलं. कोपऱ्यातला ट्रे उचलला, दोन ग्लास भरले, पुढं धरले. "घ्या सर," म्हणाले. आजही आठवलं की डोकं फिरतं. चेअरमनचा जेवढा राग येतो, तेवढाच माझा येतो.

मी मोटारी भरते. जळालेली मोटार उघडायची, करपलेली तार काढायची, मोजून तेवढेच वेढे देऊन नवी तार बसवायची, वार्निश पाजायचं, सुकवायचं. हे माझं काम. हे मी निवडलं. माझ्यावर कुणी लादलं नाही.

आमचं गाव बिडकीनच्या पलीकडं. आम्ही धनगर. बाप मेंढरं राखतो. बारावी सायन्सला मी केंद्रात दुसरी आले, तेव्हा याच चेअरमननी सत्कार ठेवला होता. स्टेजवर शाल देताना विचारलं, "मग आता आमच्याकडं डिप्लोमाला ना?"

मी म्हणाले, "नाय. शहागंजात मोटारी भरायला शिकणार."

माईक चालू होता. ते मंडपाकडं तोंड करून म्हणाले, "बघा! शिकून काय उपयोग? मेंढरामागचं माणूस मेंढरामागंच जाणार." मंडप हसला. माझा बापही हसला. त्याला हसावंच लागलं. चेअरमनच्या भावकीच्या रानांत आमची मेंढरं बसायची. रानाला खत मिळायचं, मेंढरांना जागा. बाप हसला नसता तर दुसऱ्या दिवशी कळप कुठं न्यायचा, हा प्रश्न होता.

हे शहागंजाचं खूळ माझ्या डोक्यात आलं कुठून, तेही सांगते. अकरावीच्या उन्हाळ्यात गावच्या पाण्याची मोटार जळाली. बापाबरोबर ती एसटीत घालून मी शहरात, शहागंजला नेली. तिथं एका गल्लीत मोटारी भरणाऱ्या उस्तादांचं दुकान. त्यांनी मोटार उघडली आणि मी बघतच राहिले. पुस्तकात जे पाठ करून करून कंटाळले होते, ते सगळं तिथं तांब्याच्या तारेत गुंडाळून ठेवलेलं. कॉलेजात आम्ही प्रयोगाच्या वह्या आधीच्या वर्षाच्या पोरांच्या वह्यांवरून उतरवायचो. एक मोटार कुणी कधी उघडून दाखवली नाही. आणि वर टक्के आमचे चांगले.

बारावीनंतर शिकायला गेले, त्या पहिल्या दिवशी मी मोटारीवरची पत्र्याची प्लेट वाचायला लागले, तर उस्तादांनी टोकलं. "प्लेट पे मत जा बेटी. टर्न अंदर रैते. गिन."

मी वेढे मोजले. चुकले. त्यांनी मी भरलेली अख्खी कॉइल कापून टाकली. "फिर से." दोन वर्षं हेच. सकाळची पहिली एसटी, डब्यातली भाकरी, बोटांना चटके, केसांना वार्निशचा वास. मामानं बोलणं टाकलं. सोयरिकीला आलेले लोक माझे हात बघून चहा न पिता उठले.

उस्तादांचा एक नियम होता. मोटार भरून झाली की वार्निश पाजायच्या आधी कॉइलच्या दोऱ्याखाली जाड कागदाची चिठ्ठी बांधायची. वेढे किती, तार कोणती, भरली कोणी. पुढं कधी दुसऱ्या कुणी उघडली तर त्याला कळावं, आत कोणाचा हात होता. दीड वर्ष मी भरलेल्या मोटारींत त्यांचं नाव जायचं. एके दिवशी ते म्हणाले, "आज से अपना नाम लिख." त्या दिवशी मी एसटीत बसून घळाघळा रडले. बारावीच्या निकालाला मला रडू आलं नव्हतं.

पुढं बिडकीनला दुकान टाकलं. कंपन्यांच्या मोटारी येऊ लागल्या. एका कंपनीनं आतलं कायमचं काम देऊ केलं. पण गेटवर कागद मागितला. आयटीआय, डिप्लोमा, काहीही. माझ्याकडं काहीच नव्हतं. ही गोष्ट चेअरमनच्या कानावर गेली आणि त्यांचा निरोप आला. तपासणी तोंडावर आहे, वर्कशॉपमधल्या मोटारी मेलेल्या आहेत, तू भरून दे. तुझी शहागंजातली दोन वर्षं आमच्याकडं हजर दाखवतो, सर्टिफिकेट देतो.

मी हो म्हणाले. खोटं कशाला बोलू? मला तो कागद पाहिजे होता.

एक अट होती. चिठ्ठ्यांवर माझं नाव नको, सहा विद्यार्थ्यांची नावं लिहायची. लिहिली. माझ्याच अक्षरात. त्या पोरांना मी दोष देत नाही. त्यांना कुणी पेचकससुद्धा हातात दिला नव्हता. दोष माझा. सहा चिठ्ठ्या, सहा खोटी नावं, आणि वर वार्निश. ती आता निघत नाहीत.

तपासणीत साहेबानं पाणी पिऊन ग्लास माझ्या हातात दिला आणि तिथल्या मास्तरांना विचारलं, "याचे वेढे किती, ते कसं ठरवलं?"

मास्तर वाकले. प्लेट वाचायला लागले. "इथं दिलेलं असतं, सर."

मोटारीच्या प्लेटवर वेढे कधीच दिलेले नसतात. साहेबाला ते माहीत होतं. त्याच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं. तो हसला, सही केली आणि नाश्त्याला गेला. म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत होतं. फक्त मला पाणीवाली व्हावं लागलं.

साहेबांची गाडी गेल्यावर चेअरमननी ऑफिसात बोलावलं. कागद पुढं सरकवला. "घे. आता माणसात आलीस."

मी वाचलं. माझं नाव. दोन वर्षं. प्रथम श्रेणी. खाली त्याच मास्तरांची सही, शिकवणारे म्हणून. वाचता वाचता माझे कान तापले. त्या दोन वर्षांत मी कुठं होते ते मला माहीत होतं. या कागदावर उस्ताद नव्हतेच. त्यांना पुसलं होतं, आणि पुसायला मी पंधरा दिवस राबले होते.

"हा नको मला."

"का? नावात चूक झाली का?"

"नाव बरोबर हाय. वर्षं खोटी हायेत. मी तुमच्याकडं एक दिवस शिकले नाय."

"अगं, सगळे असंच घेतात. बापाला विचार. कुठं वाकायचं ते त्याला बरोबर कळतं."

"बाप वाकला, कारण त्याची मेंढरं तुमच्या रानात व्हती. माझं काय बी तुमच्या रानात नाय."

"कंपनीच्या गेटातून आत कशी जातीस तेच बघतो."

"बघा."

त्याच आठवड्यात मी तपासणीच्या कार्यालयाला लेखी कळवलं. मोटारी मी भरल्या, खोटी नावं मी लिहिली, चूक माझी. उत्तर आलं नाही. भावकीनं बापाला रानं बंद केली. बाप म्हणाला, "लई शहाणी झालीस," आणि कळप घेऊन अजिंठ्याच्या बाजूला निघून गेला. अजून माझ्याशी धड बोलत नाही. कंपनीचं कायमचं काम गेलं.

तरी मोटारी जळतातच. बोलावणं येतंच. गेटवर फॉर्म देतात, त्यात शिक्षणाचा रकाना असतो. मी लिहिते: मोटार भरणं, शहागंज, दोन वर्षं. वॉचमन म्हणतो, "मॅडम, असं चालत नाही." मी पेन ठेवते आणि बाहेर उभी राहते. कधी तशीच परत येते. कधी आतला इंजिनिअर वैतागून मोटार हातगाडीवर घालून बाहेर आणतो. मग मी रस्त्याच्या कडेला, उन्हात, तिथंच बसून ती उघडते.

मी त्या रकान्यात दुसरं काही लिहिणार नाही. बदलायचाच असेल तर तुमचा फॉर्म बदला.