नानांच्या पायातली लांबलचक पेशी

धुळ्यात, देवपूरच्या एका कॉलेजात मी वीस वर्षं चेतापेशी शिकवते आहे. डोळे मिटून फळ्यावर काढीन. पण माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, ती समजावताना जो घाम फुटला तो नोकरीच्या पहिल्या दिवशीही फुटला नव्हता, देवाशप्पथ!

नानांना साखर. तळपाय बधिर झालेले आणि हा माणूस भडगावकडच्या आमच्या केळीत अनवाणी हिंडतो! जखम कळली नाही तर चिघळेल आणि पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नाना म्हणाले, "दुखत नाही ते बरंच की."

माझं डोकंच फिरलं. वही ओढून आधी पुस्तकातली, फांद्याफांद्यांच्या वृक्षिकांची पेशी काढली. "हे तर उपटलेलं रोप," नाना म्हणाले. मी पान फाडलं.

"ऐका. पायाची एकेक चेतापेशी लांबलचक. तिचा देह कमरेच्या मणक्याशेजारी आणि तंतू थेट अंगठ्यापर्यंत. वरून चरबीचं वेष्टण. काटा टोचला की निरोप खालून वर जातो. पण तंतूचं खाणंपिणं देहाकडूनच येतं, एवढ्या लांब. साखरेनं बिघडलं की आधी टोक मरतं."

नानांचा चेहरा उजळला. "म्हणजे ड्रिपची नळी! पंप कमरेत, शेवटचं झाड अंगठ्यात. लांबच्या झाडाचंच पाणी आधी तुटतं."

वीस वर्षांत एका पोराला हे सुचलं नव्हतं. मला भरूनच आलं.

"बठ्ठं समजनं माले," नाना खुशीत अहिराणीवर आले. "मंग ॲसिड कव्हय सोडानं?"

ठिबकच्या नळ्या क्षारानं चोंदल्या की आम्ही पातळ ॲसिड सोडून धुतो. नानांनी स्वतःच्या नळीसाठी लिंबं निवडली. चार दिवस पेल्यावर पेले रिचवले आणि पित्तानं आडवे झाले. आईनं कपाळाला हात लावला.

मेलेला तंतू धुऊन जिवंत होत नाही, हे शेवटी डॉक्टरांनीच त्यांच्या गळी उतरवलं. आता रोज तळवे तपासायचे, एवढंच हातात होतं. नानांना वाकवत नाही, म्हणून ते काम आईकडे आलं. पहिले काही दिवस नाना नव्या नवरीसारखे लाजले.

परवा सकाळी मी गेले तेव्हा नाना ओट्यावर बसलेले, पाय आईच्या मांडीवर, आणि मी टेकताच ते मलाच चेतापेशी शिकवू लागले. आईला टाचेत बाभळीचा काटा दिसला, चांगला बोटाच्या पेराएवढा. तिनं तो नखांत धरून उपसला आणि "आई गं!" करून किंचाळली. तिला काही टोचलं नव्हतं, तरी डोळ्यांत टचकन पाणी.

नाना दचकले.

"तुले काय व्हयनं वं?"