मधल्या शहराची वेळ

"फक्त नऊ तास" हे शब्द कानावर पडले की घड्याळजींच्या डोक्यात तिडीक जायची. भाचा फोनवर सारखा म्हणायचा, "मामा, विमानात बसलं की फक्त नऊ तास!" अरे, ते सरळ रेघेचं अंतर! खिशाला परवडणारं विमान वाटेत भलत्याच शहरात उतरवणार, तिथे ताटकळत ठेवणार आणि मग दुसऱ्यात कोंबणार. नऊ तास म्हणे!

ताई लेकाकडे, पार पश्चिमेला राहायला गेली त्याला बरीच वर्षं झाली. आईच्या माघारी तिनेच घड्याळजींना लहानाचं मोठं केलेलं. तेव्हापासून दुकानाच्या भिंतीवर दोन घड्याळं होती: एक इथलं, एक ताईकडचं, मागे चालणारं. फोन आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुझ्याकडे किती वाजले रे?"

आता ताईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि ती हटून बसली होती. भाऊ आल्याशिवाय आत जाणार नाही. घड्याळजींनी शब्द दिला आणि कधी नव्हे ते विमानाचं तिकीट काढलं.

निघतानाच त्यांनी मनगटावरचं घड्याळ ताईच्या वेळेवर लावलं. बायको म्हणाली, "अहो, पोचल्यावर लावा की."

"आयत्या वेळी घोळ नको," घड्याळजी म्हणाले.

मधल्या शहरात ते बाकावर निवांत बसले. मनगटावर वेळच वेळ होता. भोंग्यावर काहीतरी पुकारत होते, ते दुसऱ्या कुणासाठी असेल म्हणून त्यांनी चहासुद्धा घेतला. मग सावकाश उठून दाराशी गेले, तर तिथली मुलगी म्हणाली, "काका, तुमचं विमान गेलं."

"गेलं कसं? हे बघ, अजून किती अवकाश आहे!"

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. घड्याळजी बघतच राहिले. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आणि मधल्या शहरालाही स्वतःची वेळ असते, एवढं साधं डोक्यात येऊ नये? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं त्यांना. पुढचं विमान थेट दुसऱ्या दिवशी होतं. भाच्याला त्यांनी कळवलं. आईला सांगायचा धीर मात्र त्याला झाला नाही.

ज्या वेळी ताईच्या उशाशी असायचं, त्या वेळी ते त्याच बाकावर चरफडत बसले होते. फोन वाजला. ताई होती.

"कुठे आहेस रे? हे लोक न्यायला आलेत."

घड्याळजी बाकावरून धडपडत उठले. ताईने सवयीने विचारलं, "तुझ्याकडे किती वाजले?"

नजर सवयीनेच मनगटावर गेली. "आठ."

"अगं बाई, इथेही आठच! म्हणजे पोचलास की!" ताई हसली. "मग जाते मी आत. उगीच घाबरले होते."

"ताई, अगं, ऐक..."

फोन बंद झाला होता. समोरच्या भिंतीवर दुपार झाली होती.