ओढून जोडलेला पाइप

सत्तरच्या दशकात हिंगण्याकडच्या एका कारखान्यात मी नवा इंजिनियर म्हणून लागलो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. पंप बसवण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे काम मिस्त्री करायचे आणि मी उंटावरून शेळ्या हाकायचो. मिस्त्री चाळिशीतले फिटर, नऊ वर्षं रोजंदारीवर. कायम करायच्या माणसांच्या यादीत त्या महिन्यात पहिल्यांदाच त्यांचं नाव लागलं होतं. बायकोने वस्तीभर सांगूनही टाकलं, असं ते मला लाजत म्हणाले होते.

त्यांची एक रीत होती. पाइपाच्या टोकाला आणि पंपाच्या तोंडाला फ्लँज असते, बोल्टांची भोकं पाडलेली जाड चकती. दोन्ही फ्लँजा समोरासमोर आल्या की मिस्त्री पाना बाजूला ठेवायचे आणि एकेक बोल्ट दोन बोटांनी भोकात सोडायचे. आपला आपण आत गेला तर पुढचं काम. अडला तर पाइप कापून पुन्हा वेल्डिंग. पाइपाचं ओझं टेकूने घ्यायचं, पंपाने नाही, हे त्यांचं म्हणणं. मला तो वेळकाढूपणा वाटायचा, आणि एकदा मी तसं तोंडावर बोललोही होतो.

बॉयलरला गरम पाणी देणारा नवा पंप सुरू करायला मालकांनी मुहूर्त काढला, गुरुवारी सकाळी साडेदहाचा. हार आला, नारळ आला, सीताबर्डीहून पेढे आले. दहा वाजता पाहतो तर वरचा पाइप पंपाच्या तोंडापासून बोटभर बाजूला. मिस्त्रींनी बोल्ट सोडून पाहिला. तो अडला.

"कापा लागते साहेब. दोन घंटे द्या," ते म्हणाले.

मी म्हटलं, चेन-पुली लावा आणि ओढून घ्या.

"ओढला तर सारा जोर पंपावर येते. बिडाचा हाय तो, ठिसूळ लोखंड. गरम झाला का तडकून जाईन."

मालकांची गाडी फाटकातून आत येत होती. मी चारचौघांत त्यांना विचारलं की इंजिनियर कोण आहे, तुम्ही की मी? मिस्त्रींनी चेन-पुलीची साखळी टांगली, पाइप कुरकुरत जागेवर आला, पहारीने भोकं जुळवून बोल्ट ठोकून बसवले. साडेदहाला नारळ फुटला आणि पंप चालू झाला. मी दोन पेढे खाल्ले.

सातव्या दिवशी पंपाची मान तडकली. उकळतं पाणी भिंतीपर्यंत उडालं. जवळ कोणी नव्हतं हे नशीब. कारखाना दोन दिवस बंद राहिला आणि मॅनेजरांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. जोडणी कोणी केली, असं त्यांनी विचारलं.

"मिस्त्रींनी केली," मी म्हणालो.

यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच मला आजही खातं. मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी पुढे काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी मूग गिळून बसलो. माझीही नोकरी तेव्हा पक्की नव्हती, घरून बहिणीच्या लग्नाची पत्रं येत होती. ही कारणं मी स्वतःला पुष्कळदा सांगितली, पण त्यातलं एकही पुरलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरांच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. यादीतलं त्यांचं नाव कापलं गेलं आणि शनिवारपासून येऊ नका असं त्यांना सांगण्यात आलं.

शुक्रवारी बदली पंप आला. मिस्त्रींनी पाइप कापून, टेकू देऊन, नीट जुळवून ठेवला आणि मला बोलावलं. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. खरं तर मला त्या हव्याच होत्या. त्यांनी माझ्या हातात बोल्ट दिला आणि सोडून पाहा म्हणाले. मी सोडला. तो अलगद आत गेला.

"असा गेला पाहिजे. पाहून ठेवा. उद्यापासून मी नाही, मंग तुमाले कोन सांगन?"

मी मान हलवली. तेव्हा तरी माफी मागायला हवी होती. मी नुसता पुढचा बोल्ट उचलला.

नंतर निवृत्त होईपर्यंत मी कितीतरी पंप बसवले. एकही तडकला नाही. हाताखालच्या प्रत्येक फिटरला मी पाना बाजूला ठेवायला लावायचो आणि बोल्ट दोन बोटांनी सोडून दाखवायचो. साहेब, हे कुठं शिकलात, असं कोणी ना कोणी विचारायचंच.

मी म्हणायचो, अनुभवाने.