साळव्यांची रिकामी ताटली

जबलपुरातल्या आमच्या कांचघर भागातल्या गल्लीत धनेशभाऊ साळव्यांइतका निगरगट्ट माणूस दुसरा नव्हता. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणत असे, त्यामुळे आता ते नसताना म्हणायला मला संकोच वाटत नाही. दिवाळीला फराळाची ताटली पाठवा, संक्रांतीला तिळगुळाची, महालक्ष्म्यांना पुरणपोळीची. ताटली परत यायची ती रिकामी. घासून लख्ख, पण रिकामी.

आमच्यात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. मला हे माझ्या आईनं अमरावतीला शिकवलं, आणि लग्न होऊन जबलपूरला आल्यावर इथल्या हिंदी शेजारणीही तेच करतात हे बघून मला हायसं वाटलं होतं. साळवे ख्रिस्ती असले तरी मूळचे नागपूरकडचे. नाताळला त्यांच्या घरी करंज्या आणि चकल्याच व्हायच्या, म्हणजे आमचीच दिवाळी थोडी पुढे सरकलेली. विनीतावहिनींना रीत पक्की ठाऊक होती. अडचण नवऱ्याची होती.

ताटली परत करायचं काम धनेशभाऊंनी स्वतःकडे घेतलं होतं. एकदा वहिनींनी गुपचूप तिच्यात साखर घातली, तर या गृहस्थांनी ती आमच्या फाटकाजवळच्या जास्वंदीखाली मुंग्यांना घातली आणि मग बेल वाजवली. मी खिडकीतून सगळं बघत होते.

"काहून हो भाऊ, साखर मुंग्यांना घालून राहिले? आमच्या घरी खपली नसती काय?"

"ताई, तुम्ही चकली दिली, मी साखर दिली, की झालं हिसाब बराबर. मला बराबर नाही करायचं जी. मला तुमचं नुसतं घ्यायचं आहे."

"याला फुकट खाणं म्हणतात, भाऊ."

"तेच तर! कोणालाच जमत नाही ते." आणि हसत हसत गेले.

बरं, माणूस चिक्कू म्हणावा तर तेही नाही. फॅक्टरीत लेथवर उभं आयुष्य गेलेलं, हातात कसब होतं. उन्हाळा आला की आमच्या कूलरचा पंप न सांगता येऊन उघडून बसायचे. मी चहा पुढे केला तर म्हणायचे, "आत्ता नको. नाहीतर तुम्हाला वाटेल कूलरचा चहा पाजला." चहा हवा असेल तेव्हा भलत्याच वेळी येऊन मागून प्यायचे. आमचे हे, श्रीकांत, म्हणत की धनेशच्या डोक्यात जमाखर्चाचा कप्पाच देवानं बसवला नाही. मी म्हणे, देवाचं नाव कशाला घेता, त्यांचं आणि देवाचं कुठं जमतंय.

कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं की साळवे चर्चच्या आत पाऊल टाकत नाहीत. दर रविवारी वहिनींना स्कूटरवर बसवून सदरला, छावणीतल्या चर्चला न्यायचे, गेटाशी सोडायचे आणि समोरच्या कडुनिंबाखाली चहाच्या टपरीवर उभे राहायचे. उपासना संपली की वहिनींना घेऊन परत. ऊन असो, थंडी असो, ताप अंगात असो, कधी चुकवलं नाही. आणि कधी आतही गेले नाहीत.

याची गोष्ट वहिनीच सांगायच्या, कधी हसून, कधी कपाळाला हात लावून. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती. तेव्हाचे म्हातारे पादरी साहेब हिंदीतून उपदेश करत होते की परमेश्वराचं प्रेम बिनशर्त आहे, तो पाप्यावरही पाऊस पाडतो. सगळे माना डोलावत होते. शेवटी ते म्हणाले, पण जो ते स्वीकारणार नाही, तो बाहेरच्या अंधारात राहील. धनेशभाऊंनी भर चर्चमध्ये शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "पादरी साहब, फिर शर्त तो है ना?" पोरंटोरं हसली, म्हातारे चिडले. पादरी म्हणाले, बेटा, नंतर भेट. बेटा भेटलाच नाही. पुढच्या रविवारपासून टपरीवर.

"त्यांना देव नको होता असं नाही ताई," वहिनी म्हणायच्या. "यांना फक्त तो 'पण' नको होता."

मला त्या वेळी ही शुद्ध आडमुठेगिरी वाटायची. आडमुठेपणात मीही कमी नाही, म्हणून ती लगेच ओळखू येते.

या पितृपक्षात धनेशभाऊ गेले. हृदयाचा त्रास आधीपासून होता. हॉस्पिटलात असताना आताचे तरुण पादरी साहेब भेटायला आले होते, मीही तेव्हा तिथंच होते. मुलगा गुणी आहे. पलंगाशी बसून त्यानं त्यांचा हात हातात घेतला आणि अगदी मऊपणे विचारलं, "अंकल, मेरे साथ प्रार्थना करेंगे? बस इतना कह दीजिए कि आप उसे अपनाते हैं।"

धनेशभाऊंना दम लागला होता. तरी म्हणाले, "बेटा, उसको मालूम है मैं कहाँ खड़ा रहता हूँ। गेट के बाहर, चायवाले के पास। उसको काम होगा तो आ जाएगा।"

पादऱ्यानं त्यांचा हात धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे धनेशभाऊ गेले. दफन सगळं रीतीनं झालं, त्यात त्या पादरी मुलानं कुठं काही कमी पडू दिलं नाही.

पण नंतर वहिनींनी त्याला विचारलं. विचारू नये ते विचारलं, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही. "हे आता कुठं असतील?" तो बिचारा खोटं बोलू शकला असता. तो म्हणाला, काकू, प्रभूचं प्रेम सगळ्यांवर आहे, अंकलवरही. पण ते स्वीकारावं लागतं. अंकलच्या मनात शेवटी काय होतं ते मी सांगू शकत नाही, मी त्यांना देवाच्या दयेवर सोडतो. यातलं वहिनींनी एकच ऐकलं. नवऱ्यानं जन्मभर टाळलेला तो 'पण' आता त्यांच्या पदरात येऊन पडला.

त्यांनी चर्चला जाणं बंद केलं.

मला ते उशिरा कळलं. आधी वाटलं, स्कूटर चालवणारा गेला म्हणून जात नसतील. मग डिसेंबर लागला. दर वर्षी धनेशभाऊ बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद घेऊन गॅलरीत नाताळची चांदणी बांधायचे. आत न जाणाऱ्या माणसाची चांदणी गल्लीत सगळ्यांत मोठी असायची. या वर्षी गॅलरी काळी. नाताळ तोंडावर आला तरी त्या घरातून तळणाचा वास नाही. मग मात्र मला राहवेना. कमानिया गेटच्या मिठाईवाल्याकडून खोव्याची जलेबी आणवली, ताटलीत घातली आणि गेले.

वहिनी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या, गॅसवर काहीच नव्हतं.

"चांदणी काहून नाही लावली, वहिनी?"

"बांधणारा कुठं आहे."

"रविवारीही जाऊन नाही राहिल्या तुम्ही. मी बघून राहिले."

त्यांनी जलेबीची ताटली घेऊन मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "ताई, आमच्यात प्रभुभोजन असतं. एकच टेबल, एकच भाकर, सगळ्यांसाठी. नाताळला तर असतंच असतं. इतकी वर्षं मी आत असायची, हे बाहेर. तेव्हा काही वाटायचं नाही, कारण संपलं की गेटावर हे भेटायचे. आता कायमचंच तसं असलं तर? मी आत अन् हे बाहेर? त्या टेबलावर मी काय तोंडानं जाऊ?"

मला त्यांचं शास्त्र येत नाही. माझं तरी कुठं येतं. आमच्याकडे पितरांचं पान वाढताना आजोबा देव मानायचे का, असं कावळ्याला कोणी विचारत नाही हे खरं. पण माझ्या सासूबाईंच्या सोवळ्यात जेवढ्या अटी होत्या तेवढ्या सरकारी टेंडरातही नसतील. तेव्हा मी कोणाला काय शिकवणार? मला नुसता राग आला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मला धनेशभाऊंचाच आला.

"हा माणूस जन्मभर असाच! माझ्या इतक्या ताटल्या खाल्ल्या, साखरेचा दाणा परत केला नाही. तुमच्या देवालाही तेच. आणि आता निस्तरायचं तुम्ही!"

वहिनींनी मान वर केली. "तरी तुम्ही देत राहिल्या."

"देत काय राहिले, शिव्या घालत राहिले. श्रीकांतला विचारा."

"पण दिलं ना. काहून?"

"खायचे ते. चकलीचा चुरासुद्धा ठेवायचे नाहीत. पोचत होतं, म्हणून देत होते."

"आणि समजा," वहिनी हळूच म्हणाल्या, "यांनी घेतलीच नसती तर? दारातूनच परत पाठवली असती तर?"

त्या ताटलीबद्दल विचारत नव्हत्या, एवढं माझ्यासारखीलाही कळलं. क्षणभर वाटलं काहीतरी गोड बोलावं. पण खोटं बोललं की माझा चेहरा चुगली करतो, आणि वहिनींना तो ओळखता येतो. म्हणून मी खरंच विचार केला. माझ्या दारात फराळाची ताटली तशीच परत आली आहे, असं डोळ्यांपुढे आणलं. अंगाचा तिळपापड झाला.

"खूप चिडले असते," मी म्हटलं. "गल्लीभर बोंब मारली असती. अन् पुढच्या दिवाळीला पुन्हा पाठवली असती."

"रागानं?"

"रागानंच. पण चकली तीच असती वहिनी. राग आहे म्हणून मोहन कमी नसतं घातलं."

"अन् त्याच्या पुढच्या दिवाळीला?"

"पाठवलीच असती ना! आता असं काहून विचारून राहिल्या? दिवाळी माझ्या घरी असते. त्यांच्या घेण्या-न घेण्याचा तिच्याशी काय संबंध?"

जलेबीचा एक तुकडा तोडून वहिनींनी तोंडात घातला आणि चावता चावता रडू लागल्या. मी उठून चहा टाकला, कारण मला दुसरं काही सुचेना.

नाताळच्या सकाळी बेल वाजली. वहिनी दारात उभ्या होत्या, निळी रेशमी साडी, अंगावर शाल. "ताई, सदरला सोडता काय?"

माझं स्कूटी चालवणं गल्लीत विनोदाचा विषय आहे. मागे बसलेल्या वहिनी वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत, त्या भीतीनं गप्प होत्या की विचारानं, देव जाणे. गेटाशी उतरल्या आणि तिथंच थांबल्या. आतून गाणी ऐकू येत होती. नवे कपडे घातलेली माणसं त्यांना नमस्कार करून आत जात होती. त्या मागे वळून कडुनिंबाकडे बघत होत्या, आणि मला दिसलं की त्या आता परत फिरणार.

मी स्कूटी लावली, रस्ता ओलांडला आणि टपरीपाशी जाऊन उभी राहिले, धनेशभाऊ उभे राहायचे तिथं. तिथून ओरडून म्हटलं, "जा वहिनी. मी आहे इथं बाहेर."

त्यांनी तोंडाला पदर लावला आणि आत गेल्या.

चहावाल्यानं न विचारता माझ्या हातात ग्लास दिला. "दादावाली है, शक्कर कम।" मी चहा पीत लाउडस्पीकरवरून सगळा उपदेश ऐकला. तरुण पादरी बिनशर्त प्रेमावरच बोलत होता, चांगलं बोलत होता. शेवटी त्यानं 'पण' म्हटलं की नाही, हे ऐकायला मी कान टवकारले होते. नेमका तेव्हाच मिलिटरीचा ट्रक गेला आणि मला काही ऐकू आलं नाही.

वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते, पण चाल पहिल्यासारखी होती.

"घेतलं?" मी विचारलं.

"घेतलं. रांगेत उभी राहिले, हात पुढे केला. दर वेळी मी मनात काहीतरी कबूल करायची, ताई. हे करीन, ते करीन, यांना एक दिवस आत आणीन. आज काहीच कबूल नाही केलं. यांच्यासाठी मागितलंही नाही. नुसतं घेतलं."

"अन् भाऊ?"

त्यांनी माझ्या हातातल्या रिकाम्या ग्लासाकडे बघितलं. "त्याला माहीत आहे हे कुठं उभे असतात ते."

नव्या वर्षाच्या सुरुवातीला आमच्याकडे करंज्यांची ताटली आली. आकार बिघडलेला, दोनचार फुटलेल्या. इतक्या उशिरा एकटीनं केलेल्या दिसत होत्या. आम्ही चुरासुद्धा ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी मी ताटली घासली, पुसली आणि सवयीनं साखरेचा डबा उघडला. चिमूट घातली. मग ती परत डब्यात टाकली. श्रीकांत म्हणाले, "अगं, बरी आहेस ना?" मी चपला घातल्या.

आमच्या दारापासून साळव्यांच्या दारापर्यंत चार पावलं आहेत. रिकामी ताटली घेऊन ती चालताना मला इतकी लाज वाटली की ती पदराखाली लपवली. धनेशभाऊ हे इतकी वर्षं कसं करायचे कोण जाणे.

वहिनींनी दार उघडलं. मी ताटली पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, आत बघितलं, मग बोटानं पुसून बघितलं.

"साखर नाही?"

"नाही."

त्यांनी ताटली छातीशी धरली. मग म्हणाल्या, "या ना आत, ताई. चहा प्यायचा आहे काय?"

"हो," मी म्हटलं. "पाजा."