बेपत्ता मुलीची जाहिरात

काल आमच्या फाटकावर कुणी पत्रक चिकटवत होते आणि मैद्याच्या खळीच्या आंबूस वासाने मला घोटीचा बाजार आठवला. माध्यम अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या लघुपटाची प्रसिद्धीमोहीम आखली होती. ती तपासण्यासाठी मी परीक्षक म्हणून, नायिका झालेल्या विद्यार्थिनीला घेऊन नाशिकहून तिथे गेलो होतो. भिंतींवर तिचा चेहरा होता आणि खाली फक्त 'हिला पाहिलंत का?' लघुपटाचे नाव मुद्दामच गाळले होते. भाताच्या पोत्यांपाशी कुणीतरी ओरडले, "अरे, हीच ती पोरगी!" क्षणात वाट बंद झाली. "म्हाताऱ्या, कुठं नेतो हिला?" म्हणत एकाने माझी कॉलर धरली. "काका, सोडा! सर आहेत आमचे, पिक्चरची जाहिरात आहे ही," असे सांगून तिने पुरावा म्हणून मोबाईलवर ट्रेलर लावला. त्यात पांढऱ्या केसांचा एक माणूस तिला फरफटत नेत होता. गर्दी आणखी जवळ सरकली आणि आपण इथून जिवंत परतत नाही, अशी माझी खात्री पटली. तेवढ्यात एका भाजीवालीने तिला बाजूला ओढले. "भिऊ नको बाय, खरं सांग." "मावशी, खरंच सर आहेत. आत्ताच म्हणाले, जाहिरातीत दम नाही, नापास करीन." मावशी खदखदून हसली, तेव्हा कुठे कॉलर सुटली. मी भीतीपोटी पैकीच्या पैकी गुण दिले, असे माझे सहकारी आजही सांगतात. साफ खोटे! मी घाबरलो, कारण जाहिरातीने आपले काम चोख केले होते, आणि परीक्षकाने गुण त्याचेच द्यायचे असतात. त्यानंतर मी घोटीत पाऊल ठेवलेले नाही, हा वेगळा मुद्दा.