केस मी कापले नाहीत

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या जंगलपट्टीत गस्त घालणाऱ्या आमच्या पोलीस तुकडीत बाई म्हणून मी एकटीच होते. अंधारात दिसावं म्हणून हेल्मेटच्या पुढे बसवायची दुर्बीण आम्हाला मिळाली, तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. डोळ्यांवर ओढली की काळोखातली झाडं, दगड, पायवाट हिरवट उजेडात दिसायची. पण बॅटरीसकट तिचा सगळा भार कपाळापुढे. थोडं चाललं की हेल्मेट भुवयांवर उतरायचं. ते जागेवर राहावं म्हणून मी हनुवटीखालचा पट्टा आवळायची. मग जबडा दुखायचा, कानशिलं ठणकायची. मागचा पट्टा तर माझ्या अंबाड्यावर चढायचा आणि तिथून सटकायचा.

मी आमच्या इन्स्पेक्टर साहेबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. सल्ला दिल्यासारखं म्हणाले, "बाल कटवा लो, मामला खतम."

"सर, केस नियमाप्रमाणे बांधलेले आहेत."

"बाकी किसी को तकलीफ नहीं है."

सुट्टीत घरी गेले तेव्हा मान वळवता येत नव्हती. आई अंगणवाडीत काम करून दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेली. गरम तेलाने मान चोळताना तिने सगळं ऐकून घेतलं. वाटलं, ही तरी माझ्या बाजूने बोलेल.

"कापून टाक ना मग," ती म्हणाली. "केस काय, परत येतीन. नोकरी येते का परत?"

"केसांनं नाही होऊन राह्यलं आई ते."

"तुले कसं माहीत?"

"माहीत आहे मले."

खरं तर पक्कं माहीत नव्हतं. पण साहेबांनी सांगितलं म्हणून, आईने सांगितलं म्हणून मी का मानायचं? मी कामावर परतले ती अंबाडा घालूनच.

पुढे ते हेल्मेट बनवणाऱ्या कंपनीचा एक इंजिनिअर आमच्या कॅम्पवर आला. नागपूरकडचा, बोलायला साधा. त्याला नवीन नमुना बनवायचा होता आणि त्याआधी आमचं म्हणणं ऐकायचं होतं. भरदुपारी हॉलच्या खिडक्यांवर काळ्या घोंगड्या लावून अंधार केला, आम्हाला हेल्मेट चढवून चालायला लावलं. मग घोंगड्या काढल्या आणि तो एकेकाला विचारू लागला, "कैसा लगा?"

"ठीक है, सर." पुढचाही, "ठीक है." आमचे हवालदार दादाही तेच म्हणाले. त्यांच्या कपाळावर पट्टीचा लाल वळ उठलेला होता आणि मानेसाठी ते गोळ्या खायचे, हे तुकडीत सगळ्यांना माहीत होतं. पण दुखतं म्हणणं म्हणजे कमजोर ठरणं.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "ठीक नाही, सर."

इन्स्पेक्टर साहेब मागून म्हणाले, "इनके बाल बड़े हैं, इसलिए."

मला राहवलं नाही. "सर, दादांच्या डोक्यावर एक केस नाही. त्यांचं हेल्मेट काहून घसरते मग?"

दोघं-तिघं हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हे माझ्याशी कधी बोलणार नाहीत. इंजिनिअरने त्यांना हॉलभर धावून आडवं पडायला आणि उठायला सांगितलं. ते उठले तेव्हा हेल्मेट नाकापर्यंत आलं होतं. ते काढून हातात धरत दादा हळूच म्हणाले, "गर्दन तो मेरी भी दुखती है, साब."

मग एकेकाचं तोंड उघडलं. कुणाचं डोकं चढायचं, कुणाच्या डोळ्यांना पाणी यायचं.

इंजिनिअरने एका पिशवीत वाळू भरून माझ्या हेल्मेटच्या मागे बांधली. वजन वाढलं, पण मान हलकी झाली. "बॅटरी मागे नेली तर असंच होईल," तो मराठीत म्हणाला. मग त्याने मागचा पट्टा पाहिला.

"हा दोन फाट्यांचा करा," मी म्हटलं. "एक अंबाड्याच्या वरून, एक खालून."

"पट्टा सगळ्यांसाठी एकच असतो, मॅडम."

"मग सगळ्यांसाठीच असा करा."

त्याने हो म्हटलं नाही. पट्ट्याचे फोटो काढले आणि गेला.

काही महिन्यांनी नवीन नमुने आले. बॅटरी मागे होती आणि पट्ट्याला दोन फाटे होते. पहिलं हेल्मेट दादांनी उचललं. बाकीच्यांना वाटलं, फाट्यांचा पट्टा बायकांसाठी असेल. दादांनी तो मानेमागे बसवला, डोकं खाली-वर, डावी-उजवीकडे हलवून पाहिलं आणि मला म्हणाले, "बैठ गया." इतके महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते; त्या दिवसानंतर पूर्वीसारखे बोलू लागले.

आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "हौ का? मंग केस नाही कापले तू?"

"नाही कापले."

"बरं केलं," ती म्हणाली. आधी काय बोलली होती त्याचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.

सरावानंतर इन्स्पेक्टर साहेबांनी विचारलं, "अब तो ठीक है?"

"मान ठीक आहे, सर. पण दुर्बिणीच्या डोळ्यापुढच्या रबराची कड गालाला टोचते."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग इंजिनिअरला फोन लावला आणि पलीकडून आवाज येताच फोन माझ्या हातात दिला. "लो, तुम ही बताओ."

मी उजव्या गालापासून सांगायला सुरुवात केली.