धुतलेलं आहे

आज प्रयोगशाळेच्या फ्रीजमधून एक छोटी बाटली काढली, तर चिठ्ठीवर सुमतीचं अक्षर: 'धुतलेलं आहे. बिनधास्त वापर.' सुमती म्हणजे माझी बायको. वीस वर्षं आम्ही याच ओट्यावर शेजारीशेजारी काम केलं. तिला जाऊन आठ महिने झाले.

बाटलीत फॉस्फोरिक आम्लाच्या जातीतला एक उत्प्रेरक आहे, चिमूटभर पांढरी भुकटी. काही रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे असतात, एकमेकांची आरशातली रूपं. याच्या कुशीत घडले, की त्यांतला बहुतेक एकच हात तयार होतो. मग हा जसाच्या तसा बाजूला होतो, असं मी मुलांना शिकवतो.

"जसाच्या तसा कुठला, अरे!" सुमती मागून म्हणायची. "गाळून परत मिळवताना धातूचे क्षार चिकटतात त्याला. दिसतो तोच, पण आम्लानं धुतल्याशिवाय पहिल्यासारखा वागत नाही." एकदा मी न धुताच वापरला आणि दोन्ही हात जवळजवळ निम्मे निम्मे आले. आठवडाभर चिडवलं तिनं.

हल्ली भेटेल तो म्हणतो, "सर, तुम्ही सावरलात. अगदी पहिल्यासारखे दिसता." मी मान डोलावतो. दिसतो तोच.

आज ही भुकटी वापरली असती, तर संध्याकाळी परत मिळाली असती. धुतलीही असती मी. पण आमच्याकडे रीत आहे, जो धुतो त्यानंच जुनी चिठ्ठी काढून नवी लिहायची.

बाटली मी पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून दिली.